'सर, फक्त एक मॅच अजून!' – फुटबॉल मॅनेजरचा खेळ मुलांना का धरून ठेवतो?



सहामाही परीक्षेनंतरच्या पालकसभेत दहावीतल्या एका मुलाचे वडील माझ्यासमोर येऊन बसले. मुलगा हुशार. गणितात मात्र एकदम वीस मार्कांनी खाली आलेला. वडील म्हणाले, "सर, रात्री एक-एक वाजेपर्यंत लॅपटॉपपुढं बसतो. आधी मला वाटलं, काहीतरी भलतंसलतं बघतोय. मागं जाऊन उभा राहिलो, तर नुसत्या याद्या! नावं, आकडे, तक्ते. गोळीबार नाही, गाड्या नाहीत. आमच्या ऑफिसातल्या रजिस्टरसारखं काहीतरी. आता त्यात एवढं काय आहे, तुम्हीच सांगा."

आणि मग खाली बघत म्हणाले, "दिवाळीनंतर मी लॅपटॉप नेला आणि सरळ फॉरमॅट करून आणला. आठ दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही."

मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, चौदा सीझन झाले होते. माझा गोलकीपर गेला. सोळा वर्षांचा होता तेव्हा मी त्याला टीममध्ये घेतलं होतं. कॅप्टन केला होता." डोळ्यांत पाणी. जो गोलकीपर कधी जन्मालाच आला नव्हता, त्याच्यासाठी!

खरं सांगतो, मला आधी हसू आलं आणि नंतर हसू आल्याची लाज वाटली. मुलाचं काहीतरी गेलं होतं आणि ते काय, हे ना वडिलांना कळलं होतं, ना मला. म्हणून मी ठरवलं, आधी हा खेळ समजून घ्यायचा. मुलाला उपदेश नंतर. जे समजलं ते इथं मांडतो आहे.

हा खेळ असतो तरी काय?

आपल्याला माहीत असलेल्या फुटबॉलच्या कॉम्प्युटर गेममध्ये बटणं दाबून खेळाडू पळवायचे, पास द्यायचे, गोल मारायचे असतात. हा खेळ तसा नाही. 'फुटबॉल मॅनेजर' या खेळात तुम्ही चेंडूला पायसुद्धा लावत नाही. तुम्ही असता संघाचे मॅनेजर.

सुरुवातीला एक क्लब निवडायचा. मोठा घ्या नाहीतर चौथ्या श्रेणीतला गरीब क्लब घ्या. मग कोणाला विकत घ्यायचं, कोणाला विकायचं, पगार किती द्यायचा, सराव कसला करून घ्यायचा, संघ 4-4-2 असा उभा करायचा की 4-2-3-1 असा, मॅचला अकरा जण कोण, बदली खेळाडू कधी उतरवायचा, हे सगळं तुम्ही ठरवायचं. नाराज खेळाडूची समजूत काढायची, पत्रकारांना उत्तरं द्यायची, संचालक मंडळाची बोलणी खायची. हरत राहिलात तर नोकरी जाते.

प्रत्येक खेळाडूला पास, टॅकल, वेग, धाडस, एकाग्रता अशा कितीतरी गुणांसाठी 1 ते 20 मार्क असतात. शिवाय त्याची आजची एकूण कुवत आणि पुढं जास्तीत जास्त किती वाढू शकेल ती कुवत, हे 200 पैकीचे दोन आकडे खेळाच्या पोटात लपवलेले असतात. ते सरळ दिसत नाहीत. प्रशिक्षकांच्या आणि शोधकांच्या अहवालांवरून अंदाज बांधायचा. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण असतं, 'कंटिन्यू', म्हणजे 'पुढे'. ते दाबलं की खेळातले दिवस पुढं सरकतात.

या बटणाकडे लक्ष ठेवा. सगळी गोम तिथंच आहे.

थोडा इतिहास

हा प्रकार आजचा नाही, आपल्यापैकी अनेकांच्या शाळेच्या दिवसांतला आहे. 1982 मध्ये इंग्लंडमध्ये केविन टॉम्स नावाच्या प्रोग्रामरने 'फुटबॉल मॅनेजर' हा पहिला गाजलेला खेळ बाजारात आणला. झेडएक्स 81 आणि पुढं स्पेक्ट्रम हे त्या काळचे छोटे घरगुती कॉम्प्युटर. त्यांची स्मरणशक्ती आजच्या एखाद्या फोटोलाही पुरणार नाही एवढी. खोक्यावर स्वतः टॉम्स यांचा दाढीवाला हसरा चेहरा असे. आणि त्यांच्या कंपनीचं नाव काय होतं माहीत आहे? 'ॲडिक्टिव्ह गेम्स'. म्हणजे व्यसन लावणारे खेळ! नावातच सांगून टाकलं होतं.

त्यानंतर पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी श्रॉपशायरमधल्या आपल्या घरी, शाळकरी वयातच, स्वतःचा खेळ लिहायला घेतला. तो 'चॅम्पियनशिप मॅनेजर' या नावाने 1992 मध्ये आला. पुढं त्यांनी स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही कंपनी काढली. प्रकाशकापासून वेगळं झाल्यावर जुनं नाव प्रकाशकाकडे राहिलं, पण खेळाचा प्रोग्राम आणि खेळाडूंची माहिती या मंडळींकडे आली. मग त्यांनी 2004 च्या अखेरीस सेगा कंपनीतर्फे 'फुटबॉल मॅनेजर 2005' आणला. तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी नवी आवृत्ती येते. 2025 ची आवृत्ती मनासारखी झाली नाही म्हणून रद्दच केली गेली, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये 'फुटबॉल मॅनेजर 26' आला. त्यात पहिल्यांदाच महिलांचं फुटबॉलही आहे.

इंग्लंडमध्ये या खेळाने एका अख्ख्या पिढीला कसं झपाटलं, यावर 2012 मध्ये एक पुस्तकच निघालं. त्याच्या नावाचा अर्थ 'फुटबॉल मॅनेजरने माझं आयुष्य चोरलं' असा होतो. लिहिणारे स्वतःच या खेळाचे भक्त! खेळाच्या जुन्या काही आवृत्त्यांत तर तुम्ही किती तास खेळलात ते दाखवून, 'जरा बाहेर पडा' अशा अर्थाचा टोमणाही मारलेला असे.

शनिवारी रात्री माझं काय झालं

नुसतं वाचून समजेना, म्हणून मी खेळ घरच्या कॉम्प्युटरवर घातला. शनिवारी रात्री साडेनऊला बसलो. म्हटलं, तासभर बघू.

पहिली मॅच हरलो, 0-2. दुसरी मॅच तीन दिवसांवर होती, म्हणून 'पुढे' दाबलं. बरोबरी झाली. इतक्यात शोधकाचा निरोप आला, एक तरुण डावा बॅक स्वस्तात मिळतोय. बोलणी सुरू केली. उत्तर दोन दिवसांनी येणार होतं. पुन्हा 'पुढे'. त्या दोन दिवसांत माझा मुख्य स्ट्रायकर जखमी. मग त्याच्या जागी कोण? राखीव संघ बघितला. एक एकोणीस वर्षांचा पोरगा सापडला. त्याला उतरवलं आणि त्यानं 88 व्या मिनिटाला गोल केला.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, झोपायचं नाही का? पावणेदोन वाजलेत!"

आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "आलोच, फक्त एक मॅच अजून."

मग हा खेळ सुटत का नाही?

*1. मॅच संपते, खेळ संपत नाही.* गोष्टीचं पुस्तक संपतं, सिनेमा संपतो, मैदानावरचा खेळ अंधार पडला की संपतो. इथं तसं काहीच नाही. एक मॅच संपते तेव्हा दोन खेळाडूंची बोलणी अर्धवट असतात, एकाची दुखापत बरी होत आलेली असते, पुढची मॅच दोन दिवसांवर असते. सगळी कामं एकमेकांत विणलेली. एक टाका संपेपर्यंत दुसरा अर्धा घातलेला असतो.

ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये प्रयोग केले. पूर्ण झालेल्या कामापेक्षा मध्येच तोडलेलं काम माणसाच्या जास्त लक्षात राहतं, असं त्यांना दिसलं. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत ते तितकं ठळकपणे दिसलेलं नाही. पण गॅसवर दूध ठेवून दुसऱ्या खोलीत गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मन त्या पातेल्याशीच राहतं. या खेळात एकाच वेळी दहा पातेली गॅसवर असतात.

*2. बक्षीस मिळतं, पण कधी ते माहीत नसतं.* बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर केलेले प्रयोग बी.एड.ला आपण सगळ्यांनी वाचले आहेत. दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा थांबल्यावर प्राणी लवकर नाद सोडतो. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर तो टोचत राहतो, टोचतच राहतो. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात. चांगला संघही हरतो, दुबळाही कधी जिंकतो. त्यामुळे 'पुढे' बटण दाबल्यावर काय निघेल, ते सांगता येत नाही. पराभव असेल, पण शेवटच्या मिनिटाचा गोलही असू शकेल.

*3. 'हे माझ्यामुळे झालं.'* मी त्या पोराला उतरवलं आणि त्यानं गोल केला, म्हणून मी उठून उभा राहिलो. खरं तर कॉम्प्युटरने आतल्या आत आकडेमोड करून तो गोल दिला. माझ्या निर्णयाने शक्यता थोडीफार वाढली असेल, उरलेला योगायोग. पण मन तसं मानत नाही. एलेन लँगर यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॉटरीचा एक प्रयोग आहे. काहींना तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींना नुसतं हातात दिलं. नंतर ते विकता का असं विचारल्यावर, स्वतः निवडणाऱ्यांनी कितीतरी जास्त किंमत मागितली. नशीब तेच, तिकीट तसंच. फक्त 'मी निवडलं' एवढाच फरक.

हरलं की मात्र रेफरी वाईट आणि खेळाडू गाढव! मुलांशी यावर बोलून बघा. हसतात आणि कबूलही करतात.

*4. लावलेलं रोप वाढताना दिसतं.* दर वर्षी प्रत्येक क्लबमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या नव्या मुलांची तुकडी येते. ही मुलं खेळाने स्वतः तयार केलेली, काल्पनिक. त्यातलं एखादं रत्न निघतं. त्याला जपायचं, सराव द्यायचा, योग्य वेळी संधी द्यायची. पाच-सात वर्षांनी तोच मुलगा कॅप्टन होतो. आपण शिक्षक आहोत. पाचवीत शर्टाच्या बाहीला नाक पुसणारा पोरगा दहावीच्या निरोप समारंभात भाषण करतो, तेव्हा आपल्याला काय वाटतं ते आठवा. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या गोलकीपरचं रहस्य इथं आहे.

*5. दिसतं कमी, म्हणून कल्पना जास्त चालते.* सुरुवातीच्या 'चॅम्पियनशिप मॅनेजर'मध्ये मॅच दिसतच नसे. एकेक वाक्य उमटायचं. चेंडू अमक्याकडे, तो पुढे सरकतोय, शॉट... आणि मग क्षणभर काहीच नाही. वरून दिसणारं मैदान आणि खेळाडूंचे ठिपके 2003 च्या आवृत्तीत आले, हलणारी त्रिमितीय माणसं 'फुटबॉल मॅनेजर 2009' मध्ये. पण लोक त्याआधीच वेडे झाले होते. ज्यांनी ट्रान्झिस्टर कानाला लावून बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकलं आहे, त्यांना हे लगेच पटेल. मैदान दिसत नव्हतं म्हणूनच ते मनात एवढं मोठं होतं. रजिस्टरसारख्या त्या तक्त्यामागं मुलाला अख्खं स्टेडियम दिसत असतं. मागं उभ्या असलेल्या वडिलांना फक्त तक्ता दिसतो.

*6. इथं सगळे त्याला विचारतात.* मला हे कारण सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दहावीतल्या मुलाचा दिवस आठवून बघा. किती वाजता उठायचं, कोणता क्लास, कोणती बाजू घ्यायची – सायन्स की कॉमर्स, केस किती वाढवायचे, सगळं दुसरे ठरवतात. चुकला तर बोलणी, बरोबर आला तर 'एवढ्यावर थांबू नकोस'. रात्री तो लॅपटॉप उघडतो आणि तिथं पंचवीस खेळाडू, सहायक प्रशिक्षक, डॉक्टर, क्लबचे अध्यक्ष त्याच्या निर्णयाची वाट बघत असतात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्या आहेत. स्वतः ठरवता येणं, जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. पोराला दिवसभरात यातली एकही गरज नीट भागताना दिसली नाही, तर रात्री तो ती जिथं भागते तिथं जाणारच.

त्या मुलाला मी विचारलं होतं, "तुला त्यात नेमकं काय आवडतं?" तो म्हणाला, "सर, तिथं हरलो तरी पुढच्या मॅचला टीम मीच ठरवतो."

आवड, सवय की आजार?

पालक एकदम 'व्यसन' हा शब्द वापरतात. जरा सांभाळून वापरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, खेळांच्या अतिरेकाला विकार म्हणून स्थान आहे. हे वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं. पण त्यात फक्त तास मोजलेले नाहीत. तीन गोष्टी बघायला सांगितल्या आहेत:

- खेळण्यावर स्वतःचा ताबा राहत नाही. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, ते हातात नसतं.
- बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागं पडून खेळच सगळ्यांत वर येतो.
- नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं.

आणि या सगळ्यामुळं घर, शाळा, मैत्री यांत ठळक बिघाड झालेला हवा, तोही साधारणपणे 12 महिने. त्रास फार तीव्र असेल तर त्याआधीही निदान होऊ शकतं. ते निदान डॉक्टरांनी करायचं, आपण नाही. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस रात्री जागून खेळला, हा आजार नव्हे. पण झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र तुटले, चिडचिड थांबत नाही आणि महिनोन्‌महिने हेच चाललंय, तर लाजू नका, समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. कॉम्प्युटरवरचा 'फुटबॉल मॅनेजर' एकदा विकत घेतला की झालं, त्यात पैसे लावायचे नसतात. मोबाइलवर मात्र 'टॉप इलेव्हन'सारखे फुकट मिळणारे मॅनेजर-खेळ आहेत. त्यात लवकर पुढं जायचं तर टोकन विकत घ्यावी लागतात. आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही तर तिसरीच गोष्ट. त्यांच्यावर आपल्याकडे 2025 च्या कायद्याने बंदी आली आहे. मुलगा नेमकं यातलं काय खेळतो, हे आधी विचारा. तिन्हींना एकाच काठीने हाणू नका.

यातून काही शिकायला मिळतं का?

मिळतं. इंग्लंडमधली गावं, पोर्तुगालमधले क्लब, अर्जेंटिनातले खेळाडू यांची माहिती आमच्या त्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जास्त होती. खेळातली माहिती गोळा करायला देशोदेशी शेकडो लोक खऱ्या मॅच बघून नोंदी करतात. ती इतकी बारकाईची असते की 2008 मध्ये इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने खेळाडू शोधण्यासाठी ती वापरण्याचा करार केला होता.

मी नववीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण दिलं: क्लबचं पगाराचं बजेट आठवड्याला 60,000 पौंड. 23 खेळाडूंवर 52,500 खर्च होतात. नवा स्ट्रायकर 9,000 मागतो. किती कमी पडतात? त्याचा पगार एकूण बजेटच्या किती टक्के? उत्तरं सोपी आहेत, 1,500 पौंड आणि 15 टक्के. पण पुढचा प्रश्न, 'मग आता काय कराल?', यावर वर्गात वीस मिनिटं भांडण झालं. कुणी म्हणे दोन राखीव विका, कुणी म्हणे स्ट्रायकरशी घासाघीस करा, मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, एकाला 15 टक्के दिले तर बाकीचे तेवीस जण चिडतील की." व्यवस्थापनाचा धडा तिनंच दिला.

पण शिकायला मिळतं म्हणून रात्री एकपर्यंत चालू दे, असं नाही. शिवाय एक उलटा धडाही मिळतो. हरल्यावर मॅचच्या आधीची साठवलेली प्रत उघडून तीच मॅच पुन्हा खेळायची सोय असते. मुलं ते करतात. पराभव पुसून टाकता येतो ही सवय बरी नाही. दहावीचा पेपर परत उघडत नाही. याविषयी मुलाशी जरूर बोला.

मग करायचं काय?

काही पालकांशी आणि मुलांशी बोलून, थोडं करून बघून, हे हाती लागलं आहे.

1. *आधी टीमचं नाव विचारा.* कोणता क्लब, कितवा नंबर, सगळ्यांत चांगला खेळाडू कोण. पाच मिनिटं नुसतं ऐका. ज्याला खेळातलं काही माहीत नाही त्याने घातलेला नियम मुलं मनापासून पाळत नाहीत.

2. *'दहा मिनिटांत बंद कर' म्हणू नका, मॅच मोजा.* मॅच ऐन रंगात असताना बंद करायला लावणं म्हणजे वाढलेलं ताट ओढून घेणं. एक मॅच साधारण दहा-पंधरा मिनिटांत होते. किती मॅच ते आधी ठरवा. शेवटची शिट्टी, सेव्ह, आणि उठायचं. रात्रीची एक शेवटची वेळ मात्र पक्की असावी. तिला अपवाद नाही.

3. *उठण्याआधी दोन ओळी लिहायला सांगा.* 'उद्या डाव्या बॅकची बोलणी पूर्ण करायची, स्ट्रायकर बरा झाला का बघायचं.' एवढंच वहीत. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या 2011 च्या अभ्यासात असं दिसलं की अपुऱ्या कामाचा नेमका बेत आखला, की ते काम डोक्यात कमी घोळतं. अभ्यासाला बसताना याचा उपयोग होतो.

4. *लॅपटॉप झोपायच्या खोलीत नको.* बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या समोर.

5. *परीक्षेआधी थांबायचं तर हंगामाच्या शेवटी थांबा.* लीग संपली की मनाला एक टप्पा मिळतो. जानेवारीतली आणि उन्हाळ्यातली खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत सगळ्यांत जास्त ओढ लावणारी. ती सुरू करून मध्येच थांबणं अवघड.

6. *काहीही करा, पण पुसू नका.* साठवलेला खेळ ही एक फाइल असते. ती पेन ड्राइव्हवर घ्या, मुलाच्या देखत कपाटात ठेवा आणि परीक्षा संपल्यावर परत द्यायचं कबूल करा. शब्द पाळा. मुलाला थांबायला शिकवायचं आहे. फॉरमॅट केल्याने तो थांबायला शिकत नाही, लपवायला शिकतो. आमचा विद्यार्थी महिनाभर क्लासच्या नावाखाली मित्राच्या घरी जाऊन खेळत होता, हे नंतर कळलं.

7. *खरं काहीतरी त्याच्या हातात द्या.* घरातला एखादा निर्णय, शाळेतली एखादी जबाबदारी. नावापुरती नको, चुकायची मुभा असलेली.

शेवटी त्या मुलाचं

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचं वेड नवं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की अख्ख्या पेठा रिकाम्या होतात. 17 वर्षांखालच्या विश्वचषकात 2017 साली भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. पण आमचा हा मुलगा मैदानावर उतरणारा नव्हे. चष्मा, दमा. आजवर त्याला कुणी टीममध्ये घेतलंच नव्हतं. ही गोष्ट तीन वर्षं त्याला शिकवूनही माझ्या लक्षात आली नव्हती.

क्रीडाशिक्षकांशी बोलून मी त्याला शाळेच्या संघाबरोबर सहायक म्हणून नेलं. त्यानं समोरच्या शाळेची एक मॅच बघून वहीची तीन पानं भरली. त्यांचा उजवा बॅक पुढं गेला की परत यायला वेळ लावतो, कॉर्नरला त्यांचा गोलकीपर पुढं येत नाही, असलं सगळं. आमची मुलं ती मॅच 1-2 अशी हरली. पण आमचा एक गोल झाला तो त्याच उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेतून.

गणितात पूर्वपरीक्षेला अकरा मार्क वाढले. वीस नाही, अकरा. खेळ पूर्ण सुटला का? नाही. शनिवारी दोन आणि रविवारी तीन मॅच, असं बापलेकांत ठरलं आहे.

मागच्या आठवड्यात वडील भेटले. म्हणाले, "सर, परवा त्याला विचारलं, तुझ्या त्या जुन्या टीमचं नाव काय होतं रे? तर म्हणाला, ॲक्रिंग्टन स्टॅन्ली. चौथ्या श्रेणीतून प्रीमियर लीगपर्यंत नेली होती म्हणे. तासभर सांगत होता. मला निम्मं कळलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "मी काय पुसलं, ते तेव्हा कळलं."

तुमच्या घरात किंवा वर्गात असा एखादा मॅनेजर असेल, तर आज त्याला एवढंच विचारा, "तुझी टीम कोणती?"